जात्याची अर्धी तळी

आमच्या मेरेफोर्ड गावात कुणालाही विचारा, त्याच्या पणजोबांचं शेत किल्ल्याखाली गेलेलं असतं. समुद्रापलीकडून नॉर्मन आले, मुलूख जिंकला, त्यांनी गावच्या लोकांना वेठीला धरून टेकाड रचलं, त्यावर लाकडी मनोरा चढवला आणि त्यात आमचं शेत गेलं, असं जो तो सांगतो. सांगताना ते शेत दर पिढीला थोडं थोडं वाढत जातं. सगळ्यांचं खरं धरलं तर टेकाड नदीपलीकडच्या गिरणीपर्यंत पोचायला हवं होतं. त्यामुळे माझ्या दाजींच्या घरच्या शेताचा विषय निघाला की गाव तो हसण्यावारी न्यायचं. खरं सांगायचं तर मीही न्यायचे.

दाजी म्हणजे किल्ल्याचे सुतार, वुल्मर. माझी थोरली बहीण एल्फ्लेडा त्यांना दिली होती. ती तिसऱ्या बाळंतपणात गेली. दोन मुली वाढवून दाजींनी त्यांची लग्नं केली, त्या लांबच्या गावी नांदायला गेल्या. माझा नवरा तापानं गेल्यावर मी माझे दारू गाळायचे हंडे उचलले आणि दाजींच्या शेजारच्या खोलीत येऊन राहिले. भिंत एक, अंगण एक, दारं दोन. गावानं काही दिवस चघळलं, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळालं. मेहुणीशी लग्न धर्मात बसत नव्हतंच, आणि बसलं असतं तरी मी केलं नसतं. त्या माणसाच्या अंथरुणातसुद्धा लाकडाचा भुसा असायचा.

बुटके, रुंद खांद्यांचे, डाव्या हाताचा अंगठा हातोडीनं चपटा झालेला, असे होते दाजी. त्यांना एक खोड होती. समोर लाकडाचं काहीही आलं की ते बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा ठकठक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. चर्चमधला बाक असो, माझं पिंप असो, कुणाच्या तिरडीची फळी असो. एकदा आमच्या पाद्र्यानं नवं व्यासपीठ करवून घेतलं, तेव्हा प्रवचन चालू असताना दाजी उठले, ठकठक केली आणि परत येऊन बसले. दोन वर्षांनी ते व्यासपीठ किडीनं बसलं. त्यांनी आधी का सांगितलं नाही, असं पाद्र्यानं विचारलं, तर म्हणाले, प्रवचन चालू होतं ना.

किल्ल्याचा मनोरा हे त्यांच्या घराण्याचं काम. चार पुरुष उंचीचं टेकाड, त्याच्या माथ्यावर ओकच्या चार खांबांवर उभा असलेला लाकडी मनोरा. दर वसंतात दाजी प्रत्येक खांबाभोवती गुडघाभर खणायचे, कूज लागली आहे का बघायचे, लाकूड बाहेरून जाळून घ्यायचे आणि पुन्हा चिकणमाती ठासायचे. कूज नेहमी तिथेच लागते, माती आणि हवा भेटतात त्या गळ्याशी. दाजींच्या वडिलांच्या हयातीत चारही खांब त्या जागी इतके खराब झाले की ते कापावे लागले आणि जुन्या बुंध्यांवर नवे खांब लोखंडी पट्ट्यांनी सांधले. त्या सांध्याखाली काय आहे, बुंधे किती खोल जातात, हे जिवंत माणसांपैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

सांगून गेले होते ते फक्त दाजींचे आजोबा, सेरिक. टेकाड रचलं तेव्हा सेरिक पंधरा वर्षांचे होते आणि टोपल्या वाहायला होते. म्हातारपणी ते नातवाला सांगायचे की नॉर्मनांनी आधी मनोरा उभा केला, तोसुद्धा सपाट जमिनीवर, आणि मग त्याच्या पायांभोवती माती टाकत टाकत टेकाड वर आणलं. एक थर चिकणमाती, एक थर नदीचे गोटे, एक थर गवताची ढेकळं, आणि प्रत्येक थर माणसांनी पायांनी तुडवायचा. ती जमीन म्हणजे सेरिकच्या बापाचं जवाचं शेत. खंदकाच्या आड येतं म्हणून त्यांचं घरही पाडलं, त्यात तुळई पडून जात्याची खालची तळी दुभंगली. ईशान्येच्या खांबाखाली सपाट दगड हवा होता, तर सेरिकनं त्यातली अर्धी तळी आणून दिली. उरलेली अर्धी नव्या घराच्या उंबऱ्यात बसवली. ती दाजींच्या दारात होतीच. तिच्यावर पाय देऊनच मी रोज त्यांची भाकरी घेऊन आत जायचे.

गोष्ट म्हणून छान होती. पण याच सेरिकनं आपल्या नदीत वासराएवढा मासा पाहिल्याचंही सांगितलं होतं, आणि ते गाव विसरलं नव्हतं. नांगरणीचे दिवस आले की दाजींना हटकून कुणीतरी विचारायचं, यंदा किल्ला कधी नांगरणार? दाजी म्हणायचे, बैल चढेनात. एवढंच बोलून ते कामाला लागायचे, पण त्यांना ते लागायचं. मला कळायचं.

मग बाईसाहेबांनी दगडाचं मनावर घेतलं. बाईसाहेब म्हणजे हाविसबाई, किल्ल्याच्या मालकीणबाई. नवरा वारल्यावर त्या एकट्याच सगळं बघायच्या. बोलायला फटकळ, पण डोळे उघडे ठेवून बघणाऱ्या. मागच्या बंडाळीत शेजारच्या किल्ल्याचा लाकडी मनोरा एका दुपारी जळून खाक झाला होता, तो धूर आम्ही इथून पाहिला होता. तेव्हापासून त्यांना लाकडाच्या मनोऱ्यात झोप लागेना. ऐपत असलेला जो तो दगडाचं बांधत होता. बाईसाहेबांनी समुद्रापलीकडून जॉसलिन नावाचा मिस्त्री बोलावला. तो आपली चाळीस माणसं, घण, छिन्न्या घेऊन लेंटच्या उपासाच्या दिवसांत आला. नदीकाठी चुन्याच्या भट्ट्या लागल्या.

मी दगडाच्या बाजूनं होते, हे आधीच सांगून टाकते. चुन्यात काम करणाऱ्या माणसाचा घसा जसा कोरडा पडतो तसा दुसऱ्या कुणाचा पडत नाही. ताजी दारू तयार झाली की मी दारावर ओली फांदी लावायचे, ती पूर्वी तीन दिवस टिकायची, आता दुपारपर्यंत पिंप रिकामं आणि फांदी खाली. दाजींना मी म्हणायचे, दगड चांगला हो. ते नुसते हुंकार भरायचे.

जॉसलिन मिस्त्री वाईट नव्हता. उंच, वाकलेला, पापण्यांवर सुद्धा चुना. आमची भाषा तो अडखळत बोलायचा, पण हिशेबानं बोलायचा. त्यानं टेकाडावर चढून ओळंबा सोडला, काठीनं मापं घेतली आणि बेत सांगितला. जुना मनोरा उतरवायचा, चारही खांब, फार तर दीड पुरुष खोल असतील म्हणाला, रहाट लावून मुळासकट उपटायचे आणि त्याच जागी चौकोनी दगडी मनोरा बांधायचा, भिंती दीड पुरुष जाड.

बाईसाहेबांनी हे सगळं दिवाणखान्यात सगळ्यांसमोर विचारात घेतलं. सुतार म्हणून दाजीही होते. मी दारू वाढायला होते, म्हणून प्रत्येक शब्द मी ऐकला.

"हा टेकाड शंभर वर्षं मनोरा पेलतो," मिस्त्री म्हणाला. "माझा पण पेलेल."

"टेकाडानं मनोरा कधी पेललाच नाही, मिस्त्री," दाजी म्हणाले. "मनोऱ्याचे पाय खाली जमिनीत आहेत. माती नंतर टाकलीय, भोवतीनं. तुमचा दगड नुसत्या भरावावर बसेल. आणि खांब उपटलेत तर तळापर्यंत चार भोकं पडतील, ती वेगळीच."

बाईसाहेबांनी विचारलं, तुम्ही पाहिलंय का? दाजी म्हणाले, नाही, ऐकलंय. कुणाकडून? आजोबांकडून. मागे कुणीतरी मासा म्हणालं आणि सगळा दिवाणखाना हसला. मीही तोंड फिरवलं, कारण मलाही हसू आलं होतं. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

बाईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "सुतारबाबा, दगड आला की तुमचं काम गेलं. हे माझ्या भल्यासाठी बोलताय की स्वतःच्या?"

"दोघांच्याही, बाईसाहेब. मनोरा गडगडला तर पहिला माझ्याच छपरावर येईल."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो दाजींच्या बाजूचा होता. तेवढ्यावर त्यांनी थांबायचं की नाही? नाही थांबले. ते म्हणाले, एका खांबाशेजारी खणून बघू. खांब मिस्त्री म्हणतात तसा दीड पुरुषावर संपला, तर मी सुतारकीचा वाकस खाली ठेवीन आणि घरही सोडीन. घर सुतारकीबरोबर आलेलं होतं, त्यामुळे ते सोडीन म्हणायला त्यांना अडचण नव्हती. अडचण मला होती. माझी चूल आणि भट्टी त्यांच्याच अंगणात होती.

घरी येईपर्यंत मी गप्प बसले, ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे. मग मात्र मी त्यांना फैलावर घेतलं. घर तुमचं असेल, पण हंडे माझे आहेत, या वयात मी कुणाच्या दारात भट्टी लावू, एका थापाड्या म्हाताऱ्याच्या शब्दावर माणूस छप्पर पणाला लावतो का, असं तोंडाला येईल ते बोलले. दाजी वाटाण्याची पेज खात ऐकत राहिले. वाडगा चाटूनपुसून खाली ठेवला.

"माशाचं खोटं होतं," ते म्हणाले. "वासराएवढा मासा नसतो आपल्या नदीत."

"मग?"

"मासा सांगताना आजोबा हसायचे, लेविवा. जात्याचं सांगताना कधी हसले नाहीत."

मी भांडी उचलली. तेव्हा मला कळलं की हे घरासाठी नाही आणि सुतारकीसाठीही नाही. ज्या म्हाताऱ्यावर सगळं गाव हसतं तो खरं बोलत होता की नाही, हे त्यांना साठाव्या वर्षी एकदाचं बघायचं होतं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी ईशान्येच्या खांबाशी कुदळ पडली. खणायला मिस्त्रीची दोन माणसं होती. दाजी स्वतः जुन्या फळ्या घेऊन खड्ड्याच्या भिंतींना टेकू देत त्यांच्या मागोमाग उतरत होते. खड्डा अरुंद, जेमतेम एक माणूस वळेल एवढा. माती टोपलीतून रहाटानं वर यायची. मिस्त्री कडेला एका दगडावर बसून होता. गावातली अर्धी माणसं काही ना काही काम काढून टेकाडावर चढून आली, आणि मीही पिंप वर चढवलं, कारण एवढी गर्दी फुकट कशी जाऊ द्यायची?

गुडघाभर खाली दाजींच्या वडिलांचा सांधा लागला. त्याखाली जुना बुंधा, काळा पडलेला. पुरुषभर खोल गेल्यावर चिकणमाती संपली आणि नदीचे गोल गोटे लागले. मग गवताची ढेकळं, उलटी टाकलेली, दाबून पापडासारखी पातळ झालेली. एक थर चिकणमाती, एक थर गोटे, एक थर ढेकळं. दर थराला लोकांचं बोलणं कमी होत गेलं. संध्याकाळी मिस्त्रीनं काठी खाली सोडली. दीड पुरुष होऊन वर वीतभर खोली होती, आणि खांब तसाच खाली चालला होता. मिस्त्रीनं पुन्हा एकदा मोजलं, मग माझ्याकडे येऊन वाडगा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी अडीच पुरुष झाले. खाली दिवा सोडून हवा बघावी लागत होती. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि स्वतःच बाईसाहेबांना बोलवायला गेला. पायऱ्या चढून त्या धापा टाकत आल्या, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "सुतारबाबा, जिंकलात तुम्ही. घर तुमचं, काम तुमचं. वर या आता."

खालून दाजींचा आवाज आला, "अजून नाही, बाईसाहेब. तळ बघायचाय."

मिस्त्री म्हणाला की आता गरज नाही, त्याला पटलंय. किल्ल्याचा कारभारी म्हणाला की उगाच माणसं अडकून पडलीत. मी म्हणाले, दाजी, तुमच्या गुडघ्यांना तरी दया दाखवा. खालून कुदळीचा आवाज येत राहिला. बाईसाहेबांनी थोडा वेळ तो ऐकला. मग म्हणाल्या, उद्याचा दिवस त्यांचा. आणि खाली निघून गेल्या. त्यांच्या फटकळपणाबद्दल मी पुष्कळ बोललेय, म्हणून हेही सांगायला हवं.

बुधवारी दुपारी टोपलीत काळी माती आली. तोवर पिवळी, करडी, तांबडी येत होती. ही काळी, भुसभुशीत, हातात घेतली की मोडणारी. जमलेल्यांत सगळे शेतकरीच होते. कुणाला काही सांगावं लागलं नाही. एका म्हाताऱ्यानं चिमूटभर उचलून वास घेतला आणि टोपलीत परत टाकली, सांडू न देता.

दाजींनी खालच्या माणसाला वर पाठवलं आणि एकटे राहिले. बराच वेळ काहीच ऐकू येईना. फळी सरकली असेल, कोंडलेली हवा बाधली असेल, असं काहीबाही मनात येऊ लागलं. मी कडेला पालथी पडून खाली बघत होते. दिव्याच्या उजेडात फक्त त्यांची पाठ दिसत होती, खांबाच्या पायथ्याशी ओणवी.

"लेविवा," त्यांनी हाक मारली.

"काय झालं दाजी? लागलं का कुठं?"

"आपल्या उंबऱ्यातली तळी काढून आण."

मी जागची हलेना, तेव्हा मिस्त्रीच उठला. आम्ही दोघं टेकाड उतरलो. त्यानं पहार घालून उंबऱ्यातली तळी सोडवली, हातात उलटीपालटी केली, तुटलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि खांद्यावर घेतली. तो चाळीस माणसांचा मिस्त्री, दगड वाहायला त्याच्याकडे माणसं होती. पण पायऱ्यांवर कुणी मदतीला आलं तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

टोपलीत घालून तळी खाली सोडली. रहाट थांबला. मग दगडावर दगड घासल्याचा आवाज आला, पहिल्यांदा खरखरीत, नंतर एकदाच, घट्ट. जातं हलवून नीट बसवताना येतो तसाच. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते.

"बसली का?" मी विचारलं.

"बसली."

त्यानंतर दाजी रडले. खड्ड्यातून आवाज मोठा होऊन येतो, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं, आणि ऐकलंच नाही असं सोंग कुणी घेतलं नाही. मीही रडले. एल्फ्लेडा गेली तेव्हा त्यांनी शवपेटीवर ठकठक केली होती आणि एक टिपूस काढलं नव्हतं, त्याचा मला इतकी वर्षं राग होता. तो त्या दिवशी गेला. मिस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. आदल्या आठवड्यात मासा म्हणून ओरडणारा माणूसही तिथेच होता, मी त्याला बघून ठेवलं.

वर आल्यावर दाजींनी फार काही सांगितलं नाही. खाली नांगराच्या सऱ्या आहेत म्हणाले, एकीला लागून एक, पूर्व-पश्चिम, शंभर वर्षं कुणी न तुडवलेल्या. जवाची खुंटंही आहेत, हात लावला की पीठ होणारी. अर्धी तळी खांबाखालून वीतभर बाहेर आली होती, आणि आपली अर्धी तिला दातांना दात लागावेत तशी लागली.

"ती तिथंच ठेवली का?" मी विचारलं.

"मग? जोडी जुळलेली कोण तोडतं?"

उंबऱ्याच्या जागी पुढे कितीतरी दिवस खड्डा होता, पावसाचं पाणी आत यायचं आणि माझी बोटं ठेचायची. मी बोलायची संधी सोडली नाही.

मिस्त्री चार दिवस टेकाडाभोवती मापं घेत फिरला. पाचव्या दिवशी त्यानं नवा बेत काढला. मनोरा टेकाडाच्या माथ्यावर नाहीच. टेकाडाच्या पायथ्याशी, खऱ्या जमिनीवर पाया घालून दगडी तट सगळ्या बाजूंनी गोल वर न्यायचा, टेकाड त्याच्या आत राहील, आणि तट माथ्याच्याही वर पुरुषभर जाईल. आत वरच्या बाजूला राहायची जागा, दिवाणखाना, धान्याची कोठी, सगळं लाकडाचं, त्याच चार खांबांच्या आधारानं. लाकूड हलकं, आणि त्याच्याभोवती तट असल्यावर बाहेरून जळता बाण लागणार नाही. म्हणजे दगड आला तरी दाजींचं काम गेलं नाही, उलट सहा वर्षं त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. कमानींना आधी लाकडी साचे लागतात, गवंड्यांना परांच्या लागतात, रहाट लागतात. हिवाळ्यापूर्वी अर्धवट भिंतींवर शेण आणि पेंढा पसरून त्या झाकतात, त्यालाही फळ्या लागतात. मिस्त्री कुठलीही तुळई बसवण्यापूर्वी दाजींकडे बघायचा, आणि दाजींनी ठकठक करून मान हलवली की मगच दोर ओढायचा. पुढे पुढे तो स्वतःच दगडावर ठकठक करायला लागला. दगडातून काय ऐकू येतं, ते त्यालाच माहीत.

"मी माझा मनोरा भाकरीवर ठेवणार होतो," तो एकदा माझ्या बाकावर बसून म्हणाला. "मऊ भाकरीवर. आणि खांब काढून तिला भोकं पण पाडणार होतो." त्यानं दाजींसाठी एक वाडगा मागवला आणि पैसे स्वतः दिले. नॉर्मन माणसानं आमच्या माणसाला पाजलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाईसाहेबांनी दाजींना विचारलं, काय पाहिजे? मी घरून पढवून पाठवलं होतं की छपराला नवं गवत मागा, एक डुक्कर मागा. दाजींनी काय मागावं? खड्ड्यातून निघालेली काळी माती. आणि ती पसरायला टेकाडाच्या माथ्यावर, तटाच्या आत, दक्षिणेकडे थोडी जागा. बाईसाहेब म्हणाल्या, माती कशाला? दाजी म्हणाले, "शेत आमचंच आहे, बाईसाहेब. जरा वर आलंय इतकंच."

त्या खूप हसल्या, डोळे पुसेपर्यंत. आणि दिली जागा. दोन दारं शेजारी शेजारी ठेवावीत एवढी.

तट पुरा व्हायच्या आधीच दाजींनी तिथे जव पेरलं. पहिल्या वर्षी चिमण्यांनी खाल्लं. दुसऱ्या वर्षी त्यांनी वर जाळं ताणलं आणि उन्हात बसून राखण केली, त्यांच्या वयाचे लोक सावलीत बसतात तेव्हा. नांगरणीच्या दिवसांत गावकऱ्यांनी विचारलं, किल्ला नांगरला का? दाजी म्हणाले, नांगरला. त्या वर्षी विळ्यानं एक पेंढी कापली, दुसरी अर्धी. माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाले, गाळ.

एवढ्याशा जवाची दारू होत नाही, मी सांगून पाहिलं. मग त्यात माझं निम्म्याहून जास्त जव मिसळलं आणि एक लहान हंडा केला. दारावर ओली फांदी लावली. सगळं गाव आलं, मिस्त्री आला, बाईसाहेबांनी माणूस पाठवून घागर नेली. खरं बोलायचं तर ती आंबट झाली होती. मोड आणलेलं जव मी जरा जास्त भाजलं होतं. कुणी तसं म्हटलं नाही. मासा म्हणणाऱ्या माणसानंही शेवटचा थेंब संपवला आणि वाडगा खाली ठेवून दाजींना म्हणाला, चांगलं जव आहे तुमच्या शेताचं.

दाजी त्यानंतर नऊ वर्षं जगले, मजेत जगले. शेवटची दोन वर्षं पायऱ्या चढवेनात, तेव्हा वर कोंब किती आलेत ते मी चढून बघून यायचे आणि त्यांना सांगायचे. मी वाढवून सांगायचे, त्यांना ते कळायचं. लॅमसच्या, म्हणजे नव्या पिकाच्या सणाच्या आदल्या दिवशी गेले. त्यांच्या शवपेटीवर मी ठकठक केली. मला काही कळत नाही त्यातलं, पण आवाज चांगला आला.

आता गावात नवाच ताप झाला आहे. उरलेल्या तीन खांबांखाली कुणाकुणाच्या पणजोबांनी काय काय ठेवलं होतं, ते सगळ्यांना अचानक आठवायला लागलं आहे. एकाची कुऱ्हाड आहे, एकाची चुलीची शिळा, आणि एक घर तर म्हणतं की आमची म्हातारीच आहे. कुणी खणायला तयार नाही, हे विशेष.

दोन दारांएवढा तो तुकडा मी अजून पेरते. दर लॅमसला हंडा गाळते. गेल्या वर्षी किल्ल्यात नवा कारभारी आला, दूरच्या मुलखातला. त्यानं घोट घेतला आणि विचारलं, बाई, जव कुठलं? मी म्हणाले, आमच्या शेतातलं. तो म्हणाला, शेत कुठं आहे? मी वर किल्ल्याकडे बोट दाखवलं, आणि बाकावर बसलेल्या एकाही माणसाला हसू आलं नाही.